जिवाळी

फोटोतला माणूस मी हनुवटीवरून ओळखला.

"हे बघ," मी शैलाला म्हटलं. "पान त्रेचाळीस."

"माझे हात मेथीचे आहेत," बायको म्हणाली. "आणि तुम्हीच म्हणालात ना, त्या पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही म्हणून."

म्हणालो होतो खरा. रेकॉर्डींच्या नव्या पेटीसोबत पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक जोड आला होता आणि मी तो घालून बसलो होतो. डायनिंग टेबलावर, बनियनवर. दोन हजार अकरा सालचा ऑगस्ट महिना, मंगळवार, माझी साप्ताहिक सुट्टी. मी तेव्हा मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचो. बत्तीस वर्षं काढले. लोकांना "श्वास रोखा" आणि "सोडा" एवढंच सांगायचं काम, त्यामुळे घरी आल्यावर मी फारसा बोलत नसे. गाणी ऐकायचो. गाणी म्हणजे एकाच माणसाची. रॉस हॅल्डन नावाचा अमेरिकन गिटारवाला. जॅझ आणि रॉक यांची मिसळ करून वाजवायचा, तिला फ्यूजन म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तो वारला होता, आणि कंपनीने त्याचे नऊच्या नऊ अल्बम नव्याने साफ करून एका काळ्या पेटीत घालून काढले होते. नऊ रेकॉर्डी, बहात्तर पानांचं पुस्तक, जगात फक्त एक हजार पेट्या, प्रत्येकीवर नंबर. माझी दोनशे चौदावी.

ती मला पुण्याच्या दिघ्यांकडून मिळाली. दिघे माझ्यासारखेच, फक्त पैसेवाले. त्यांच्या भाच्याने अमेरिकेतून दोन पेट्या आणल्या होत्या. दुसरीच्या बदल्यात त्यांनी माझ्याकडची एकच रेकॉर्ड मागितली, हॅल्डनच्या 'मिरज जंक्शन' या अल्बमची सत्त्याहत्तर सालची पहिली प्रत. मुंबईच्या फुटपाथवर चौऱ्याऐंशी साली सापडलेली, खरचटलेली, कव्हरवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल. तोच अल्बम पेटीत होताच, शिवाय बिनखरचटलेला. मला वाटलं, आवळा देऊन कोहळा काढला. त्या रात्री मी चक्क दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तर पान त्रेचाळीस. एका दुकानात भिंतीला तंबोरे टांगलेले, खाली सतरंजीवर लांब केसांचा हॅल्डन मांडी घालून बसलेला, आणि त्याच्यासमोर तिशी-बत्तिशीतला एक कारागीर, हॅल्डनच्या गिटारवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून. खाली छापलं होतं, 'अज्ञात कारागीर, मिरज, १९७६'.

"अगं, हे दस्तगीरभाई आहेत," मी म्हटलं. "तंतुवाद्यांच्या गल्लीतले."

शैलाने ओल्या हातांनीच वाकून बघितलं. "तेच. अजून तसेच तर बसतात."

खरंच तसेच बसायचे. हॉस्पिटलला जाता-येता मी त्यांना वर्षानुवर्षं बघत होतो. भोपळ्यावर हनुवटी, हातात कानस. जवारी लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावर, अशी काही कानस चालवायची, की तार घोडीला पुरती टेकतही नाही आणि पुरती सुटतही नाही. त्यातून जो झणकार उठतो ती जवारी. मग तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा आणि केसभर पुढे-मागे करून तो झणकार नेमक्या जागी आणायचा. त्या दोऱ्याला जिवाळी म्हणतात. दस्तगीरभाई हे सगळं कानापेक्षा हनुवटीने जास्त ऐकायचे. "हाड खोटं बोलत न्हाई," म्हणायचे. मी हाडांचे फोटो काढणारा, म्हणून मला ते 'फोटोवाले' म्हणत.

संध्याकाळी मी पुस्तक टॉवेलात गुंडाळून गल्लीत गेलो. दस्तगीरभाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हळदणकर," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गल्लीत एक जुनी थट्टा होती, दस्तगीरने हळदणकरांच्या गिटारला जवारी लावली, ही. कुणी उगाच फुशारकी मारली की समोरच्या दुकानातले इलाही मास्तर म्हणायचे, "व्हय व्हय, ह्यानं पण हळदणकराची गिटार केलीया." मी हे शंभरदा ऐकलं होतं. आणि मला वाटायचं, सावंतवाडीकडचा कुणी हळदणकर असेल. मीसुद्धा त्याच गल्लीत विचारत फिरलो होतो, इथे हॅल्डन नावाचा कुणी गोरा आला होता का? सगळे म्हणाले, नाही बा. शेवटी मी स्वतःची समजूत घातली होती, की इथे मीटरगेजवरून ब्रॉडगेजची गाडी बदलताना त्याला गावाचं नाव आवडलं असेल.

"तीन आठवडे होता बघा," दस्तगीरभाई म्हणाले. "रोज यायचा. गिटारची घोडी म्हंजे एवढीशी, सुरीच्या धारेगत. मी ती काढली आणि सांबरशिंगाची रुंद घोडी बसवली. अशी लागली म्हणता जवारी! अब्बांना कळलं तसं त्यांनी कानस फेकून मारली मला. म्हणाले, आपली विद्या बाजारात नेलीस. सहा महिने बोलले न्हाईत माझ्याशी."

"मग?"

"मग काय! जाताना म्हणाला, रेकॉर्ड काढणार, तुला धाडणार. एक पत्र न्हाई. मला वाटलं, घोडी काढून टाकली असंल त्यानं. अब्बा गेले, मी त्यांना काय दाखवू शकलो न्हाई." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. मी हातमोज्यांचं काही बोललो नाही. "फोटोवाले, ह्यात ती गिटार वाजवलीया?"

"ह्यात तीच वाजवलीय. अख्खा अल्बम."

"तुम्ही ऐकलंय? जवारी हाय?"

"सत्तावीस वर्षं ऐकतोय," मी म्हटलं. "तो झणकार आहे म्हणून तर मी ह्या माणसाच्या नादाला लागलो."

हे अगदी खरं होतं. दस्तगीरभाईंनी समोर हाक मारली, "इलाही! आयतवारी दुकान बंद करून ये. तुला हळदणकर ऐकवतो."

त्यांचा मुलगा मुबारक मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "काका, बरं झालं. अब्बांच्या मनात आजकाल येतंय, कान कमी झाले म्हणून. अडुसष्ट झाले की. तुमच्या हॉस्पिटलात दाखवू म्हटलं तर चिडत्यात. हे ऐकून खूश होतील."

रविवारी चार वाजता मी रिक्षातून सगळं यंत्र नेलं. रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, दोन लाकडी स्पीकर. मुबारकने सतरंजी झटकून अंथरली. इलाही मास्तर अत्तर लावून आले होते. दस्तगीरभाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसले होते. आम्ही चौघंच. मी हातमोजे घालून रेकॉर्ड काढली, तेव्हा इलाही म्हणाले, "ऑपरेशन हाय व्हय?" सगळे हसले.

मी सुई ठेवली. नवी रेकॉर्ड, एक खरखर नाही. गिटार सुरू झाली. मी डोळे मिटले. मला त्यातली प्रत्येक जागा पाठ होती, पुढची तार कधी छेडली जाणार आणि तिचा झणकार कुठवर जाणार, सगळं. चार मिनिटांनी पहिलं गाणं संपलं.

"जवारी कुठाय?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

मुबारक पहिल्यांदा म्हणाला, "वाजली की अब्बा. चांगली वाजली."

"कुठं वाजली?"

तेव्हा इलाही मास्तरांनी एक गोष्ट केली. पस्तीस वर्षं ज्या माणसाने चिडवलं त्याने हात जोडले. "हाय रे दस्तगीर. मानलं तुला. लई चिडवलं तुला आजवर, माफ कर." त्यांचे डोळे भरून आले होते. मला नंतर ते म्हणाले, की त्यांना काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं, पण इतक्या वर्षांनी तरी मित्राचं मन मोडू नये असं वाटलं.

दस्तगीरभाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. मग माझ्याकडे वळले. "फोटोवाले, हे दोघं घरचे. तुम्ही यंत्रावरचा माणूस. तुम्हाला ऐकू आली?"

"आली," मी म्हटलं.

"साफ?"

"अगदी साफ."

त्यांनी मान हलवली. दुसरं गाणं लावू का विचारलं, तर नको म्हणाले. चहा झाला. मी यंत्र आवरत होतो तेव्हा ते त्यांच्या कानशी एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. रविवार आहे, आवराआवर चाललीय, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी मुबारक हॉस्पिटलात आला. एक्स-रेच्या खोलीबाहेर रांगेत बसून राहिला, सगळे पेशंट संपेपर्यंत. मी म्हटलं, "काय मोडलं?"

"अब्बांनी काम सोडलं," तो म्हणाला. "त्या आयतवारपासनं कानशीला हात लावला न्हाई. धारवाडच्या बाईंचा तंबोरा आला होता, तसाच परत धाडला. म्हणत्यात, तिघांना ऐकू आलं आणि ज्यानं लावली त्याला न्हाई, मग माझ्या कानात राहिलं काय? बिनकानाच्या माणसानं लोकांची वाद्यं नासवू नयेत. जेवत पण न्हाईत नीट. काका, मी म्हणालो वाजली म्हणून, पण खरं सांगू का, मला त्यातलं काय कळत न्हाई. मी तर त्यांच्या तोंडाकडं बघत होतो."

घरी जाऊन मी पेटीतली रेकॉर्ड लावली. डोळे उघडे ठेवून ऐकली, पहिल्यांदाच एखादी अनोळखी चीज ऐकावी तशी. गिटार होती. सुरेल, गुळगुळीत, धुऊन वाळत घातल्यासारखी. झणकार नव्हता. कुठल्याच तारेला नव्हता.

मग पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरची बारीक अक्षरं वाचली. जुन्या टेपांची सफाई कशी केली त्याची हकिकत होती. 'मिरज जंक्शन'च्या मूळ टेपेत सगळीकडे एक सततची झणझण होती, ती बहुधा अँप्लिफायरच्या बिघाडाने आली असावी. आठ महिने खपून ती संपूर्ण काढून टाकण्यात आली आहे. लिहिणाऱ्याला त्या कामाचा अभिमान वाटत होता, हे वाक्यावाक्यातून कळत होतं.

म्हणजे त्या दुकानात चौघंजण होतो आणि कान एकट्या दस्तगीरभाईंचे चालू होते.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. पुस्तक उघडून, वाक्यावर बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"इंग्रजीत हाय," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ते खरं."

"भाई, शप्पथ. त्यांनी पुसून टाकलीय."

"त्या दिवशी तर साफ ऐकू आली म्हणालात."

मी पुस्तक मिटलं.

"राहू द्या फोटोवाले," ते म्हणाले. "तुम्ही सगळे म्हाताऱ्याचं मन राखायलाय. आयतवारी राखलंत, आज पण राखताय. मला त्याचं काय वाईट वाटत न्हाई."

आता एकच उपाय होता. पुण्याची जुनी रेकॉर्ड. आणि दिघे ती फुकट देणारे नव्हते, हे मला ठाऊक होतं. पेटी परत द्यावी लागणार.

इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी महिनाभर काही केलं नाही. रोज ठरवायचो, उद्या फोन करू. रोज रात्री पेटी उघडायचो, रेकॉर्डी मोजायचो, बंद करायचो. दस्तगीरभाई काय, आज ना उद्या कामाला लागतीलच, असं स्वतःला सांगायचो. हॉस्पिटलला लांबच्या रस्त्याने जायला लागलो. एकदा शैलाने जेवताना विचारलं, "आजकाल गल्लीतून जात नाही तुम्ही?"

"तिकडे खड्डे आहेत."

"खड्डे," ती म्हणाली आणि आमटी वाढली. मग म्हणाली, "मुबारकची बायको भाजीबाजारात भेटली. म्हातारा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो म्हणाली. तंबोरा छेडला की खोलीतून उठून जातो."

मला लाज वाटली. इतकी, की आमटी भुरकतासुद्धा येईना. त्या शनिवारी मी पेटी घेऊन पुण्याची गाडी पकडली.

दिघ्यांनी पेटी उलटीपालटी करून तपासली. "दोनशे चौदा. पुस्तक आहे? हातमोजे? एक मोजा मळलाय, चौगुले."

"मळलाय."

"तुम्हाला नक्की अदलाबदल करायचीय? ती जुनी प्रत खरखरते हो. आणि ती अँप्लिफायरची झणझण."

"तीच हवीय," मी म्हटलं.

पान त्रेचाळीसची झेरॉक्स काढू का, एवढं मी विचारलं. पुस्तक उताणं केलं की त्याची शिवण सैल होते, म्हणून ते नको म्हणाले. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

रविवारी पुन्हा रिक्षा, पुन्हा सगळं यंत्र. या वेळी इलाही मास्तर आपल्या दुकानाच्या पायरीवरच उभे राहिले, आत यायचा त्यांना धीर होईना. दस्तगीरभाईंना मुबारकने दंडाला धरून आणून बसवलं. दाढी वाढली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"एकदाच, भाई," मी म्हटलं. "पुन्हा त्रास देणार नाही."

सुई ठेवली. आधी खरखर, मग एक ओरखडा, टक् टक् टक्. मग पहिली तार.

ते भिंतीला टेकले होते ते सरळ झाले. दुसरी तार. गुडघ्यांवर रांगत ते पुढे आले, स्पीकरला दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या लाकडी खोक्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. पान त्रेचाळीसवर होते अगदी तसे. फक्त केस पांढरे. चार मिनिटं कुणी हललं नाही. मी श्वास रोखून धरला होता, आणि सोडायला सांगणारं कुणी नव्हतं.

गाणं संपलं. ते तसेच राहिले. मग म्हणाले, "गाढव."

"कोण?" मुबारक घाबरून म्हणाला.

"हळदणकर. जाडी तार बघ, किती बोंबलतीया. मी त्याला दहादा सांगितलं होतं, जिवाळी केसभर मागं घे म्हणून. घेतली न्हाई. तसंच वाजवलं येड्यानं." मग त्यांचा आवाज एकदम फाटला. "पण घोडी ठेवली रे. माझीच हाय. इलाही! ये की आत, मुडद्या, तिथं काय उभारलायस! अब्बांना सांगायला पायजे होतं रे हे."

इलाही आले ते रडतच. दोघं म्हातारे एकमेकांना धरून बसले. मुबारकने मला दाराशी नेलं, माझा हात घट्ट दाबला.

थोड्या वेळाने दस्तगीरभाई डोळे पुसून उठले. "मुबारक, माझ्या कानशी कुठं ठेवल्यास? आणि धारवाडला फोन लाव, म्हणावं तंबोरा परत धाडा." मग त्यांनी प्लेअरवरची रेकॉर्ड उचलली. उघड्या हाताने, पाचही बोटं मधोमध रुतवून. इकडे तिकडे बघितलं. भिंतीवर दोन तंबोऱ्यांच्या मध्ये एक खिळा रिकामा होता. रेकॉर्डला भोक असतंच. त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि मागे सरून सरळ दिसते का बघितलं.

पहिली प्रत, सत्त्याहत्तर साल.

"राहू द्या हितंच," ते म्हणाले. "तुमच्याकडं पेटी हायच की."

"पेटी परत दिली, भाई. त्याशिवाय ही मिळत नव्हती."

ते वळले. "फोटोवाले, एक विचारू? त्या आयतवारी तुम्ही हो म्हणालात. माझं मन राखायला?"

"नाही," मी म्हटलं. "मला खरंच ऐकू आली होती. सत्तावीस वर्षं ऐकत होतो. डोळे मिटले की आपोआप वाजायची."

"यंत्रात नसताना?"

"नसताना."

कानशीच्या फडक्याची गाठ सोडता सोडता ते हसायला लागले, आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"नसलेलं ऐकू येतंय तुम्हाला," ते म्हणाले. "मग एवढी पेटी घेतली कशाला होती?"

मी स्पीकरची वायर गुंडाळत राहिलो.